दुभाष्याचा मामा

हुजुरांच्या डावीकडे, भिंतीला टेकून मी उभा असतो.
मला बसायला जागा नाही.
दोन भाषांच्या मध्ये कुणी बाक ठेवत नाही.

बापाची भाषा समुद्रावरून आली, घोड्यांसकट.
आईची इथलीच,
खडूच्या ओल्या टेकड्यांवरची, लोकरीच्या वासाची.
बापानं नाव ठेवलं ऑदो.
त्या नावानं आईनं मला
एकदाही जेवायला हाक मारली नाही.

आज फिर्यादीत ऑर्डगार मेंढपाळ.
गुन्हा: घंटेनंतर आग.

लुइसच्या मनोऱ्यातून तिन्हीसांजेला घंटा होते,
कूव्र-फू.
झाका आग, एवढाच अर्थ.
हुजुरांच्या तोंडात ते दोन शब्द आहेत,
गावाच्या तोंडात एकच,
गरम घास घाईनं गिळावा तसा: कर्फू.
पोरं त्यावर यमकं जुळवतात.
आत आग आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

"विचार त्याला, का झाकली नाही?"
मी विचारलं.
ऑर्डगार म्हणाला, मेंढी अडली होती रे,
कोकरू उलटं.
अंधारात हात कुठे घालू?

अडली.
मला शब्द सापडेना.
बापानं तलवारीचे सात शब्द शिकवले होते,
अडलेल्या मेंढीचा एकही नाही.
म्हटलं, हुजूर, जनावराला त्रास होता.
केवढी ती रात्र, कोपरापर्यंत रक्त,
आणि मी पुढे केला
चिमूटभर त्रास.

हुजूर दुष्ट नव्हते. भूक लागली होती त्यांना.
"मर्सी," म्हणाले, आणि उठायला लागले.

ऑर्डगारचा चेहरा उजळला.
हा शब्द त्याच्या ओळखीचा.
नव्या मठातले साधू त्याच्याकडून चीज घेतात
तेव्हा हसून हेच म्हणतात.
तो कमरेत वाकला, टोपी छातीशी.
मग मलाच सांगावं लागलं,
तू मर्सीत आहेस, म्हणजे चार पेनी दंड.
दया त्यांची,
पैसे तुझे.

लेखनिकानं लेखणी बुडवली. "जामीन कोण?"
मी म्हटलं, मी.
"हा तुझा कोण लागतो?"

आमच्या घरात याला शब्द आहे. एआम.
आईचा भाऊ, फक्त आईचा.
बापाच्या भावाचा शब्द निराळा, त्याची माया निराळी.
एआम म्हणजे ज्याच्या खांद्यावर बसून
मी नदीला आलेला पूर पाहिला,
ज्यानं दात पडल्यावर मला
शिंगाची शिट्टी कोरून दिली.

पण लेखनिक थांबला होता, शाईचा थेंब टोकाला.
मी म्हटलं, ऑन्क्ल.

वाळूनं शाई टिपली.
तेवढ्यात माझा मामा,
आणि रूआंमधला, मी कधीच न पाहिलेला काका,
एका शब्दात दाटीवाटीनं बसले.
कुणाचं कोपर कुणाला लागलं, कळलं नाही.

रात्री आईनं विचारलं, काय म्हणालास त्याला?
सांगितलं.
तिनं तो शब्द तोंडात घोळवला,
नाकातला आवाज तिला जमेना, तो तिनं टाकून दिला,
उरलेलं पाव मोडता मोडता दोनदा म्हणून पाहिलं.
"वाईट नाही," म्हणाली, "पण हा कुठल्या बाजूचा?"
मी उत्तर दिलं नाही.
घंटा झाली. तिनं निखाऱ्यांवर राख ओढली.

चार पेनी मीच भरले. मामानं कधी विचारलं नाही.

वसंतात टेकडीवर गेलो तर
तो तोंडाशी हात धरून कुणाला तरी बोलावत होता,
वाऱ्यावर, पूर्ण गळ्यानं:
मर्सी! ए मर्सी!
मी दचकलो.
एक कोकरू, मागचा पाय जरासा ओढत,
गवतातून धावत आलं.

"चार पेनी पडले तिचे," म्हणाला,
"शब्द घरी आणायला नको?"